बाबांचा कळफलक

घशाच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज गेला, तेव्हापासून ते मोठ्या बटणांच्या एका जुन्या कळफलकावर टाइप करत आणि लॅपटॉप ते बोलून दाखवी. दाजींनी कुणाला न विचारता लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, नवं केलं, आणि त्याने जुन्या कळफलकाला ओळखच दाखवली नाही. हे कळताच लेक जुनं फर्मवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन बाबा राहत होते त्या बहिणीच्या घरी थडकला.

“आला मोठा शहाणा!” दाजी दारातच फिस्कारले.

“तुमच्या शहाणपणाने बाबांची वाचा गेली, दाजी. सरका.”

पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती; मध्येच वीज तुटली तर लॅपटॉपचा दगड होणार होता, आणि दाजी नेमके चार्जरच्या वायरीपाशी पाय हलवत बसले होते.

“पाय आवरा.”

“घर माझं, पाय माझा. आणि मामांना इथंच राहायचंय.”

“साफ खोटं! त्यांना माझ्याकडे यायचंय. बोलू तर द्या, तुमचं पितळ उघडं पडेल.”

“दोन दिवसांत कंटाळशील म्हाताऱ्याला!”

“ओझं तुम्हालाच झालंय त्यांचं!”

कॉटवर बसलेले बाबा आळीपाळीने दोघांकडे बघत होते. पट्टी भरली, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि कळफलकाचा दिवा लागला. लेकाने कळफलक देवापुढे नैवेद्य ठेवावा तसा बाबांच्या मांडीवर ठेवला. दाजींचाही पाय थांबला.

बाबांनी सावकाश एकेक बटण दाबलं.

“आवाज गेलाय, कान नाही गेले,” लॅपटॉप सपाट सुरात म्हणाला. “दोघंही बाहेर व्हा.”

कुणीच हललं नाही, तेव्हा बाबांनी तेच पुन्हा ऐकवलं.