एकतीस वेळा पुसलेले उत्तर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. बंगळूरच्या राजाजीनगरात, पद्माकर आणि विद्याबाई यांच्या घराच्या माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, माळ्यावरच्या वस्तू बहुधा आपल्या धुळीचे रडगाणे गातात. मला धुळीचे काही वाटत नाही. माझ्या हातून जे पुसले गेले, ते मात्र मला सुखाने गंजूही देत नाही.

माझा जन्म जपानातल्या ओसाका शहराजवळच्या कारखान्यात झाला. या घरचा एकुलता एक मुलगा शंतनु तिथे यंत्रे जुळवण्याच्या नोकरीत होता. नोरिको नावाच्या मुलीशी लग्न करून तो तिकडेच राहिला होता. नव्वद साली तो सुट्टीवर आला, तेव्हा विमानात मला मांडीवर घेऊन बसला होता. तिकडची वीज शंभर व्होल्टची, इथली दोनशे तीसची, म्हणून माझ्यासोबत एक जड ट्रान्सफॉर्मरही आला. तो मधे नसता तर मी पहिल्याच दिवशी राख झालो असतो. पद्माकरांनी माझ्या पाठीवर 'थेट लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. दोन वर्षे मी अभंग वाजवले, शेजाऱ्यांकडून कौतुक करून घेतले आणि थोडा फुगलोही.

ब्याण्णव साली शंतनु आजाराने गेला. तिकडे नोरिको आणि चार वर्षांची मीना राहिल्या. मीना हे नाव दोन्ही देशांत चालते म्हणून विद्याबाईंनीच सुचवले होते. आता मुलाचे म्हणून जगात तेवढेच उरले होते.

विद्याबाई मुलाच्या लग्नापासून शिकवणीला जाऊन जपानी शिकत होत्या. शुद्ध, पुस्तकातली जपानी. पुढच्या वर्षी त्यांनी मीनाला फोन केला, चार वाक्ये बिनचूक म्हटली. मीनाने फोन आईच्या हातात दिला. पंधरा दिवसांनी टपालाने तिची कॅसेट आली. मीच ती वाजवली. चिमुकला आवाज म्हणाला, "आजी, तू टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी बोलतेस. मला भीती वाटते. बाबा बोलायचे तसं बोल ना. टेप पाठव, मी वाट बघते."

शंतनु जपानी शिकला तो कारखान्यात, कामगारांच्या तोंडून. त्यामुळे त्याची जपानी ओसाकाच्या बोलीतली होती. मालवणी मुलीशी कोणी बातम्यांतले मराठी बोलावे, तसे मीनाला वाटले असणार. विद्याबाईंनी त्या दिवशी पदराने माझी काच पुसली आणि म्हणाल्या, "शिकते. माझ्या शंतनुची भाषा आहे, मला यायलाच हवी."

बंगळुरात ही बोली शिकवणारे कोणी नव्हते. नोरिको तिकडून टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम कॅसेटवर भरून पाठवी, मुलांच्या गोष्टींची पुस्तके पाठवी, तिच्या आईने वाचून दाखवलेल्या गोष्टी पाठवी. कार्यक्रमांत दोन पुरुष असत. एक वेडेपणा करी, दुसरा त्याला झापे. विद्याबाई दुपारी भाजी निवडत ऐकत, थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत. मग कुकरची शिट्टी झाली नाही की कुकरलाच दरडावत, "आकान!" म्हणजे छे, हे चालायचे नाही. पद्माकर पेपरामागून तसेच उत्तर देत. मुलगा गेल्यापासून या घरात हसू ऐकले ते तेव्हाच.

पण उत्तराची कॅसेट काही जाईना. विद्याबाई अठ्ठावीस वर्षे शाळेत शिकवत होत्या. पाठ पक्का झाल्याशिवाय मुलाला उभे करायचे नाही, हा त्यांचा नियम होता, आणि तोच त्यांनी स्वतःला लावला. माझी दोन बटणे एकदम दाबली की मी नवे लिहितो आणि लिहिता लिहिता जुने पुसतो. त्या उत्तर भरत, ऐकत, मान हलवत. "हा तर त्या कार्यक्रमातल्या नटाचा आवाज झाला, आजीचा नाही," म्हणत आणि पुन्हा बटणे दाबत. मी मुकाट्याने पुसत असे.

एकदा पद्माकर चिडले. "अगं, चुकलं तर चुकलं. पोरीला आजी हवीय, मास्तरीण नको."

"आधीच घाबरलीय ती. आणखी चुका ऐकवू?" विद्याबाई म्हणाल्या.

गल्लीतल्या दुकानात गुरुप्रसाद मला दुरुस्त करी. त्याने झाकण उघडून पाहिले. "अक्का, आवाज भरणारं हेड झिजलंय पूर्ण. एवढं काय पुसता? स्वल्प राहू द्या की काहीतरी."

मी बोलू शकत असतो तर त्याच्या सुरात सूर मिळवला असता. मीनाच्या कॅसेटी आधी महिन्याला येत, मग सणाला, मग वर्षात एक. 'टेप पाठव' हे शब्द तिसऱ्या कॅसेटनंतर आलेच नाहीत. विद्याबाई अभ्यासात इतक्या बुडाल्या होत्या की त्यांच्या ते ध्यानात आले नाही. माझ्या आले होते.

शहाण्णवच्या मार्चमध्ये एकतिसावे उत्तर भरले गेले. ते अस्सल होते. डोळे मिटले असते तर शंतनुची आई नव्हे, शंतनुच बोलतोय असे वाटले असते. पद्माकरांनी पाकिटावर पत्ता लिहिला. आणि त्याच आठवड्यात टपालवाला मीनाची कॅसेट घेऊन आला.

नोरिकोने दुसरे लग्न केले होते. दोघी मायलेकी टोकियोला राहायला गेल्या होत्या. मीना सावकाश, शुद्ध, पुस्तकातली जपानी बोलत होती. "आजी, आपण कशा आहात? नव्या शाळेत मुलं माझ्या बोलण्याला हसली. म्हणून मी तसं बोलणं सोडलं. आता मला ते नीट येतही नाही. आपण तब्येतीची काळजी घ्या." विद्याबाईंना शब्दकोश उघडावा लागला नाही. प्रत्येक शब्द समजला.

पद्माकर म्हणाले, "पुस्तकी येते ना तुला? मग तीच बोल."

"बोलले असते," विद्याबाई म्हणाल्या. "पण आता तिने मागितलंच नाहीये. आणि हे पाठवू? ज्याला पोरं हसली, तेच मी तिच्या कानाशी नेऊ?"

त्यांनी पाकीट फाडून कॅसेट काढली, माझ्यात घातली आणि दोन बटणे दाबली. अर्धा तास त्या माझ्यासमोर बसल्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. बाहेरून रिक्षांचे आवाज येत होते, ते मी लिहिले. शंतनुची बोली त्यांच्या आवाजात टेपवर होती, ती मी पुसली. जगात ती आता कोणाच्याच कामाची नव्हती. नंतर पद्माकरांनी मला माळ्यावर ठेवले. मला कोणी पुन्हा खाली उतरवले नाही, आणि मला त्याचा रागही नाही.

मित्रांनो, मला पुसूबिसू नका, तेलही घालू नका. पण तुमच्या आवाजाची कोणी वाट पाहत असेल तर तोतरे, चुकीचे, जसे येईल तसे बोला आणि आजच पाठवा. विद्याबाईंच्या पहिल्या उत्तरात चार चुका होत्या. मीना त्या ऐकून हसली असती आणि तिने स्वतःच त्या सुधारून दिल्या असत्या. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि वाट पाहत होती.