बागेचा थर्मामीटर

नव्याण्णव सालच्या जानेवारीत थंडीनं कहर केला आणि वरच्या ऑफिसातून मला पाचशे पत्रकं आली. थंडीत घ्यायची काळजी. कोमट पाणी प्या, अंग झाका, म्हाताऱ्या माणसांना वाऱ्यात झोपवू नका. मी पिंपळगाव बसवंतच्या अलीकडच्या एका गावात सरकारी नर्स. पत्रकं वाटणं हे माझं काम, आणि न वाचता ती चुलीत घालणं हे गावाचं.

बहिरूच्या घरी मात्र मी खाली बसून पत्रक वाचून दाखवलं. त्याच्या आईला, सरुबाईला, आदल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी सोडताना स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा छाती भरली तर म्हातारी हाती लागायची नाही. आणि ही बाई झोपायची कुठं, तर उघड्या पडवीत. आतल्या खोलीत द्राक्षं भरायची रिकामी खोकी रचलेली. दव लागलं की पुठ्ठा मऊ पडतो म्हणे.

बहिरूनं मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. त्याला थंडीची काळजी मी काय शिकवणार? साडेतीन एकर द्राक्षबाग होती त्याची. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे विहिरीचं कोमट पाणी बागेला, ओळीओळीत शेकोट्या, वाऱ्याच्या बाजूनं गोणपाटाचा आडोसा. वर मधल्या खांबाला थर्मामीटर टांगलेला, तो रात्रभर तासातासाला उठून बघायचा. माझं पत्रक त्यानं अक्षरन् अक्षर पाळलं होतं, फक्त आईला सोडून. तिचा विषय काढला की म्हणायचा, म्हातारं माणूस हिवाळ्यात खोकतंच नर्सबाई, त्याला काय होतंय. मेल्याला लाज म्हणून नाही.

चौथ्या दिवशी पुरतं उजाडलंही नव्हतं, तोच त्याची बायको प्रतिभा धापा टाकत माझ्या दारात. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, अंथरुणात नव्हत्या. पिशवी उचलली आणि तिच्यामागं पळत सुटले. गोठा पाहिला, जीव मुठीत धरून विहिरीत डोकावले, आणि शेवटी म्हातारी बागेत सापडली. मधल्या शेकोटीपाशी गोधडी गुंडाळून हात शेकत बसली होती. तेवढ्यात पुढच्या फेरीची लाकडं घेऊन बहिरू आला, तो आईला बघून जागीच थांबला.

इथं कशाला आलात, मी विचारलं.

"इथं ऊब हाय," सरुबाई म्हणाली. मग पोराकडं न बघताच, "आन् इथं तू तासातासाला बघाया येतोस."

मला वाटलं, आता तरी पाझर फुटेल. बहिरूनं घसा खाकरला.

"मग जरा बाजूला सरक ना आई. तुझ्यामुळं धूर अडतोय, वेलींकडं जात नाय."

माझं टाळकंच सरकलं. पिशवीतला थर्मामीटर काढून म्हातारीच्या काखेत धरला. दोन मिनिटांनी तो त्याच्या नाकासमोर नेला. ताप एकशेदोन.

"बागेचा रोज वाचतोस ना? आता हा वाच. बाग गेली तर पुढल्या साली पुन्हा येईल. ही येईल का रे?"

बहिरूच्या हातातली लाकडं खाली पडली. त्यानं आईला उचललं. तिचं वजन ते काय, द्राक्षांच्या भरल्या चार-पाच खोक्यांएवढं. प्रतिभाला गोधड्या आणायला ओरडत तो बांधावरच्या टेम्पोकडं धावत सुटला.

आणि सरुबाई? छातीत घरघर चाललेली, पण त्याच्या खांद्यावरून मान वळवून मलाच सांगत होती, "नर्सबाई, तेवढं लाकूड सारा. शेकोटी इझली तर पोराची बाग जाईल."

आता या बाईला काय म्हणावं! मी मायलेकरांना मनसोक्त शिव्या घातल्या, लाकूड आत सारलं आणि टेम्पोमागं धावले.