एकच रेघ

नर्सने नाकातून काडी काढली, तशा कोकिळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांची लेक दिपाली टेबलावरच्या पट्टीकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने एक गुलाबी रेघ उमटली. दुसरीची जागा कोरीच राहिली.

निगेटिव्ह आहे, डॉक्टर म्हणाले. पण फ्लू असूनही ही पट्टी कधी कधी चुकते. ताप आहे, तेव्हा कॅप्सूल आजच सुरू करा आणि माणसांत बसू नका, असंही त्यांनी बजावलं.

दिपालीने हे याच खोलीत आधी ऐकलं होतं. तिच्या बाबांची, विठ्ठलरावांची, पट्टीही अशीच निघाली होती. त्यांनी कॅप्सूलचं पाकीट फ्रिजवर ठेवून दिलं आणि बाभुळगावच्या चौकातून जिलेबी आणली. पुढे यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना श्वास पुरेना. उद्या त्यांची तेरवी होती.

घरी तिने आईची खाट आतल्या खोलीत नेली. रामधनकाकांना ते पटलं नाही. काही निघालं नाही, तर वहिनीला कोंडायचं कशाला? बाया लांबून येतात, गळ्यात पडून रडतात. त्यांना दारातून परत पाठवायचं का? आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली, "शिकली नं, आता मायले शिवूबी देत नाही."

दिपाली कॅप्सूल आणि पाणी घेऊन आत गेली.

"काई निघालं नाई नं," कोकिळाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "मंग कायले खाऊ?"

तिने पेला स्टुलावर ठेवला. सुरकुतलेली चादर उगीच सरळ केली.

दुपारी आर्णीच्या बाया गाडीतून उतरल्या. पहिलीने अंगणातच हंबरडा फोडला. दिपाली आतल्या दारात उभी राहिली. तोंडावर मास्क, दोन्ही हात चौकटीला.

"बाजूले हो, पोरी," आत्या म्हणाली.

ती हलली नाही. मागे खाट करकरली.

"तिथंच थांबा, बाई. मले फ्लू निघाला."

रडणं थबकलं.

"सकाळी तं निगेटिव्ह म्हने?" आत्याने विचारलं.

"मले धीर द्याले म्हने ते."

आत्याने दिपालीकडे पाहिलं. दिपालीने मान खाली घातली. बाया मागे सरकल्या, मांडवात बसल्या. जरा वेळाने तिथूनच, हलक्या आवाजात, पुन्हा रडू लागल्या.

दिपालीने दार लोटलं.

"आई, एकच रेघ होती."

"तुह्या बाबाचीबी एकच होती," कोकिळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॅप्सूलसाठी हात पुढे केला.