दोन्ही बाजूंचे भय्यासाहेब

घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचं पुढं काय करायचं यावरून उज्जैनमध्ये वाद पेटला, आणि भय्यासाहेब पागनिसांच्या घरी बऱ्याच वर्षांनी माणसं येऊ लागली.

त्याआधी येणार तरी कोण? पत्नी उषाताई जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी निहारिका टोरांटोला. तिचा फोन रविवारी यायचा, आणि "बाबा, गोळ्या घेताय ना?" इथून सुरू होऊन साधारण तिथंच संपायचा. फ्रीगंजमधलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली मोबाइलची दुकानं, समोर यात्रेकरूंसाठी नव्यानं उभं राहिलेलं हॉटेल. रस्त्यावर ई-रिक्षांची आणि महाकालला निघालेल्या लोकांची दिवसभर रीघ असायची, पण त्यातला एकही माणूस त्यांचा जिना चढायचा नाही. सकाळी फिरून येताना ते चौकातल्या घड्याळाच्या टॉवरपाशी पोहे घ्यायचे. पोहेवाल्याला म्हटलेलं "मिर्ची कम" हे त्यांचं दिवसातलं पहिलं वाक्य, आणि पुष्कळदा शेवटचंही.

एके काळी हाच माणूस अख्ख्या मैदानाला आपल्या बोलण्यात गुंगवून ठेवायचा. पागनिसांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत कारकून होते, घोड्यांच्या दाणावैरणीचं पाहायचे, त्यावरूनच आडनाव पडलं. स्वतः भय्यासाहेब मात्र उभ्या आयुष्यात कधी घोड्यावर बसले नाहीत. ते बँकेत होते. पण थंडीचे दिवस आले की दर रविवारी दुपारी ते मैदानावरच्या लाकडी मचाणावर माइक घेऊन उभे राहायचे. कॉमेंट्री हिंदीत चालायची. शेवटच्या वळणावर मात्र त्यांचा तोल जायचा आणि तोंडातून थेट मराठी निघायचं, "अगं चल, चल, चल गं बाई!" लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे. काही तर म्हणे तेवढ्यासाठीच यायचे. पुढं शर्यतींवर पैसे लावायची परवानगी गेली, पाठोपाठ घोड्यांचे मालक गेले, घोडे गेले. मैदानावर गवत माजलं, आणि भय्यासाहेबांचा आवाज घरातच राहिला.

पहिल्यांदा आला तो अपूर्व. इंदूरच्या एका कंपनीतला मुलगा, तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. कंपनीला त्या जागेवर मोठं हॉटेल आणि करमणुकीचं संकुल उभारायचं होतं. सरकारनं परवानगी दिली तर त्यात कसीनोही.

"पण ट्रॅक राहणार, काका," तो म्हणाला. "तोच तर आमचा हीरो आहे. मला सगळे तुमचंच नाव सांगतात. म्हणे पागनीस साहब को नहीं सुना तो क्या सुना."

भय्यासाहेबांनी चहा टाकला. साखर कुठल्या डब्यात ते पटकन आठवेना, दोन कप एकदम करायची सवयच गेली होती. मग ते बोलत सुटले. कुठली घोडी वळणावर बिचकायची, कुठला जॉकी मारुतीला नारळ फोडल्याशिवाय खोगीर चढवायचा नाही, धुक्यात काही दिसत नसताना नुसत्या टापांवरून कॉमेंट्री कशी केली, सगळं. अपूर्व मनापासून ऐकत होता. निघताना त्यानं मोबाइल पुढं धरला. "काका, थोडं बोलून दाखवा ना. माझ्याजवळ राहील."

भय्यासाहेबांनी डोळे मिटले आणि बोलून दाखवलं. समोरच्या हॉटेलच्या गॅलरीतली माणसं वळून बघायला लागली.

त्याच आठवड्यात गौरी आली. ही कॉलेजात शिकवायची. वडील रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरकडून इकडं आलेले, तिचा जन्म मात्र इथलाच. तिच्या समितीला मैदान वाचवायचं होतं.

"महाकालच्या नगरीत जुगाराचा अड्डा काढतायत, काका! आणि बायकामुलींना पळायला, खेळायला शहरात जागा उरली आहे का कुठं? आम्ही म्हणतोय तिथं बाग करा, मोकळं मैदान ठेवा. लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारनं सुनवाई ठेवली आहे. तिथं तुम्ही आमच्या बाजूनं बोललात ना, तर फार वजन पडेल."

"बोलेन की," भय्यासाहेब म्हणाले. "मैदान म्हणजे माझा जीव आहे, बेटा."

हे खोटं नव्हतं. आणि चार दिवसांनी अपूर्वनं विचारलं, "काका, तुम्ही आमच्यासोबत आहात ना?" तेव्हा "म्हणजे काय, आहेच" हे शब्दही त्यांच्या तोंडून तितक्याच सहजपणे निघाले. कारण नाही म्हटलं असतं तर पोरगा पुन्हा कशाला आला असता?

मग त्यांनी व्यवस्थाच लावून टाकली. अपूर्वला मंगळवार, गौरीला शुक्रवार. दोघं जिन्यात समोरासमोर येता कामा नयेत. अपूर्वला शेव आवडायची, गौरीला मैद्याची खारी मठरी. दोन्ही बरण्या भरलेल्या असायच्या. घरातली जुनी चादर काढून त्यांनी दिवाणावर भैरवगढची नवी छापील चादर घातली. सोमवार आणि गुरुवार तयारीत जायचे. रविवारी निहारिका म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज किती छान वाटतोय आज," तर ते म्हणाले, "बिझी आहे जरा." तिला पुढं काही सांगितलं नाही. एकटे असताना कधी मनात यायचं की हे निस्तरणार कसं, पण तोवर मंगळवार यायचा.

सुनवाईला सभागृह गच्च भरलं होतं. गौरीनं पहिल्या रांगेत आपल्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. अपूर्व पलीकडच्या बाजूला प्रोजेक्टरशी खटपट करत होता. त्यानं लांबून हात हलवला. भय्यासाहेबांनी न दिसल्यासारखं केलं आणि चष्मा पुसत बसले.

हॉटेलवाले बोलले. यात्रेकरू एक रात्र राहतो आणि निघून जातो, शहरातल्या पोरांना कामासाठी इंदूरला जावं लागतं, कसीनो आला तर चार दिवस थांबणारा माणूस येईल. एक पुजारी उठले आणि तळतळून म्हणाले, "यहाँ लोग पाप धोने आते हैं, आप पाप की दुकान खोलेंगे?" मागून कुणी तरी ओरडलं, "पंडितजी, सट्टा तो उस मैदान में पहले भी लगता था!" त्यावर गोंधळ झाला. अधिकाऱ्यांनी टेबल आपटून सगळ्यांना बसवलं. सिंहस्थ तोंडावर आलेला, त्यांना लवकर आटपायचं होतं.

मग अपूर्वची फिल्म सुरू झाली. अंधार झाला आणि सभागृहात भय्यासाहेबांचा आवाज घुमला, "और ये मोड़ पर आ रही है बिजली, बिजली सबसे आगे... अगं चल, चल, चल गं बाई!"

जुनी माणसं खुर्च्यांतच हलली. कुणीतरी टाळी वाजवली. क्षणभर भय्यासाहेबांच्याही अंगावर काटा आला. पण पडद्यावर घोडा कुठं होता? काचेचं उंच हॉटेल होतं. आत हिरव्या टेबलांभोवती माणसं हसत होती, भिंतीवर भला मोठा टीव्ही होता आणि त्या टीव्हीत कॉम्प्युटरवर बनवलेले घोडे पळत होते. त्यांच्यावर घाम नव्हता, धूळ नव्हती. ट्रॅक राहणार म्हणत होते तो हा.

गौरी त्यांच्याकडं बघत होती. "काका, हा तुमचा आवाज आहे?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला.

"चोरून घेतलाय का? तसं सांगा, मी आत्ता उठते."

किती सोपं होतं! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पलीकडं अपूर्व उजळल्या चेहऱ्यानं त्यांच्याकडंच बघत होता. त्याला वाटत होतं, काका खूश झाले असतील.

भय्यासाहेब उठले आणि माइकपाशी गेले. इतक्या वर्षांनी हातात माइक आला.

"आवाज़ मेरी है," ते म्हणाले. "किसी ने चुराई नहीं. मैंने दी है. और इधर, इस बिटिया को मैंने ज़बान दी है कि इसकी तरफ़ से बोलूँगा. दोनों को हाँ कहा."

सभागृहात हशा पिकला. कुणी म्हणालं, "दोनों तरफ़ दाँव लगाया, साहब!"

ते हशा ओसरेपर्यंत थांबले. मग हळू म्हणाले, "दाँव नहीं था. दोनों मेरे घर आते थे. और कोई आता नहीं है."

अधिकारी थोडे अवघडले. "ठीक है, दादा. पर आपकी राय? कसीनो बने या न बने?"

"न बने," भय्यासाहेब म्हणाले. "पण हेही लिहून घ्या, की मैदान काही देवळासारखं पवित्र नव्हतं." आपण मराठीत घसरलो हे ध्यानात येऊन ते सावरले. "पैसा वहाँ पहले दिन से लगता था. फिर भी लोग घोड़ा देखने आते थे. अब इनके हॉटेल में भी घोड़ा नहीं, इनके बगीचे में भी नहीं. मैं घोड़ों का आदमी हूँ, साहब. मेरी राय किस काम की?"

ते परतले तेव्हा गौरीनं खुर्चीवरची आपली पर्स उचलून त्यांना जागा करून दिली आणि मान पलीकडं वळवली. ते बसले नाहीत. बाहेर पडताना दारात अपूर्व भेटला. "काका, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

निकाल महिन्याभरानं लागला. कसीनो तूर्तास बारगळला. बागही नाही. सिंहस्थाच्या गाड्या उभ्या करायला मैदान घेतलं, पुढचं पुढं बघू म्हणाले. भय्यासाहेब रिक्षा करून एकदा तिकडं जाऊन आले. गवतावर मुरूम पडत होता, रोलर फिरत होता. मचाण होतं ती जागाही त्यांना नक्की सांगता आली नसती.

मंगळवार आले आणि गेले. शुक्रवारही. शेव सादळली, तरी ती फेकवेना. जिन्यात पावलं वाजली की ते उठून दारापर्यंत जायचे. पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची. अपूर्वची बदली रायपूरला झाल्याचं कळलं, तेही कंपनीतल्या दुसऱ्याच कुणाकडून.

एका सकाळी त्यांनी गौरीला फोन लावला. किती तरी वेळ नंबरकडं बघत बसले होते. काय कारण सांगावं? मैदानाचे जुने फोटो सापडलेत म्हणावं का? तिनं फोन उचलला आणि ठरवलेलं सगळं ते विसरले.

"गौरी, पागनीस बोलतोय. काम काही नाही, बेटा. मैदानाचंही काही नाही. नुसतं... वेळ असेल तर येऊन जा."

पलीकडं वर्गाचा गलका ऐकू येत होता.

"काका, खरं सांगू? माझा राग अजून गेलेला नाही," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर तोंडावर पडले मी."

"हो. पडलीस. माझ्यामुळंच."

गलका मागं पडला, ती वर्गाबाहेर आली असावी. मग म्हणाली, "आईला घेऊन डॉक्टरकडं यायचंय फ्रीगंजात, या आठवड्यात कधीतरी. बघते. नक्की नाही सांगत."

"नको सांगूस नक्की," भय्यासाहेब म्हणाले. "आईला जिना जमेल ना?"

"गुडघे दुखतात तिचे."

"मग मीच खाली येईन. तू फक्त खालून हाक मार."