गारवा लागावा, बर्फ लागू नये

मित्रांनो, माणसाला राग आला तर त्यानं भांडावं. चार शब्द बोलावेत, दोन ऐकून घ्यावेत आणि मोकळं व्हावं. पण समोरून जायचं आणि तोंड भिंतीकडे फिरवायचं, ही कुठली रीत? या घरातला थोरला मुलगा गेली कित्येक वर्षं माझ्याशी असाच वागतो आहे. कपाटातून काही काढायचं झालं तर खाली मान घालून, हातानं चाचपून काढतो, पण नजर वर करत नाही. का, तर कपाटावर मी बसलेली आहे. केस पिकले, चष्मा लागला, तरी गड्याची ती खोड जात नाही.

मी एक जुनी बरणी आहे. साखरेची नव्हे हो! गारवा धरून ठेवणारी, रुंद तोंडाची थर्मासची बरणी. आज माझ्या अंगावर पोत्याचा तुकडा आहे आणि त्यावर बोटभर धूळ आहे. पण एके काळी माझा निळा पत्रा असा लखलखत असे की त्यात बघून लोक भांग पाडत.

माझा जन्म भट्टीपुढे झाला. एका कारागिरानं काचेच्या भांड्यात काचेचंच दुसरं भांडं बसवलं, दोघांचे काठ ज्योतीवर जोडले, मधल्या फटीत चांदीचं पाणी फिरवलं आणि मग बारीक नळीतून आतली हवा ओढून घेतली. पोटात पोकळी ठेवली म्हणून मला किंमत आली. बाहेरची झळ आत येऊ द्यायची नाही, आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. तुम्ही म्हणाल, हा तर घुम्या माणसाचा स्वभाव झाला. असेना का. त्या स्वभावावरच मी जगले.

मला विकत घेतलं ते या घरातल्या आईनं. तिचं आईस्क्रीमचं दुकान होतं. नवरा अकाली गेला, दोन मुलं पदरात, आणि जीभ अशी की फुकट चव बघायला आलेला माणूस पैसे ठेवूनच जाई. दुकानाच्या मागच्या खोलीत एक मोठं लाकडी पिंप होतं. पिंपात दुधाचा डबा, डब्याभोवती फोडलेला बर्फ आणि बर्फात ओंजळीनं जाडं मीठ. नुसत्या बर्फानं दूध गार होतं, पण घट्ट होत नाही. मीठ पडलं की बर्फ चवताळतो, नुसत्या बर्फाहून कितीतरी गार होतो आणि मग दूध गोठतं. थोरला लहानपणापासून त्या पिंपाचा दांडा फिरवी. मीठ किती आणि कधी, हे त्याच्या हाताला विचारावं. तयार आईस्क्रीम माझ्या पोटात भरून घरोघर पोचवलं जाई. झाकण उघडलं की मुलं टाळ्या वाजवत. ते दिवस सुखाचे होते.

मग धाकटा आजारी पडला. तेव्हा तो शाळेत होता. घागरीनं पाणी प्यायचा, तरी ओठ सुकलेले. जेवायचा दोघांचं आणि दिसायचा अर्धा. दवाखान्यात कळलं, त्याच्या रक्तात साखर वाढते आहे आणि जन्मभर रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल. तिथल्या नर्सनं आईला औषधाची छोटी काचेची कुपी दाखवली आणि बजावलं, "हे औषध उन्हात नासतं, म्हणून गार ठेवा. पण गोठवू नका. एकदा गोठलं की मेलं. पुन्हा वितळलं, तरी त्यात जीव येत नाही. दिसायला मात्र तसंच दिसतं, तेवढं लक्षात ठेवा."

आईनं ते कानात नाही, काळजात ठेवलं. त्याच दिवशी तिनं मला सोड्यानं धुतलं, उन्हात पालथं घातलं आणि दुकानातून उचलून घरात आणलं. म्हणाली, "बास झालं तुझं मिरवणं. आता माझ्या लेकराचं औषध सांभाळ."

तिची भरायची पद्धत ठरलेली. तळाला बर्फाचे खडे, पिशवीत घट्ट बांधून. त्यावर जुन्या सुती कापडाची जाड घडी. घडीवर पत्र्याची डबी आणि डबीत कापसात गुंडाळलेल्या कुप्या. मग आपलाच हात माझ्या पोटात घालून ती बघे. "गारवा लागावा, बर्फ लागू नये," असं दर वेळी म्हणे. मला म्हणे, का कुप्यांना, का स्वतःला, देव जाणे. पण म्हटल्याशिवाय झाकण लावलं नाही.

धाकटा मोठा झाला आणि ट्रक चालवू लागला. आईनं घर डोक्यावर घेतलं. "जगात दुसरा धंदा नाही उरला? रोज सुई टोचून घेणाऱ्यानं गाव सोडून फिरायचं?"

"आई, मावशी आहे की बरोबर!" तो म्हणाला.

मावशी म्हणजे मी. आईच्या खालोखाल सांभाळते, म्हणून मावशी. तो मला आपल्या शेजारच्या सीटवर बसवी, वरून पट्टा बांधी आणि गाडी सुरू करताना विचारी, "काय मावशी, नीट बसलात ना?" घाट चढताना मला धीर देई, खड्डा आला तर माझी माफी मागे. दुपारी जिथं जेवायला थांबे तिथं मला सावलीत घेऊन जाई आणि नवा बर्फ मागून, आईच्याच पद्धतीनं, तळाला भरी. बाकीचे ड्रायव्हर हसत. "अरे, बायकोची एवढी काळजी कर!" तो म्हणे, "बायको रागावली तर जेवण बंद होईल. ही रागावली तर मीच बंद होईन." मित्रांनो, माझं कौतुक खूप झालं, पण इतकं खरं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

आता जे सांगते ते ऐकायला कठीण आहे. पण ऐका.

ऐन उन्हाळा होता. धाकट्याला लांबच्या पल्ल्याचं भाडं मिळालं होतं. नेमकी त्याच आठवड्यात आई दुकानातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि उजवा हात मोडून घेतला. हाताला प्लास्टर, अंगात ताप. धाकट्याची बायको चिमुकल्या लेकीला घेऊन माहेरी गेलेली. तेव्हा माझ्या भरणीचं काम थोरल्यानं अंगावर घेतलं. धाकटा ट्रकला हवा भरायला गेला होता.

आई आतल्या खोलीतून ओरडली, "आधी कापडाची घडी घाल रे!"

"आई, तू पड गं गप्प. बर्फाचं मला शिकवतेस? जन्म गेला माझा बर्फात."

त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. भावावर त्याचा जीव होता. बाहेर ऊन आग ओकत होतं, वाट लांबची, आणि त्याला वाटलं, आईच्या त्या मूठभर बर्फानं काय होणार? त्यानं मला काठोकाठ बर्फानं भरलं. कापड बाजूला फेकलं. डबीही काढली, जागा अडवते म्हणून. कुप्या सरळ बर्फात खोचल्या. आणि मग, ज्या हातानं आयुष्यभर दूध गोठवलं, त्या हातानं सवयीनं दोन ओंजळी जाडं मीठ वरून पेरलं. समाधानानं झाकण दाबलं आणि मला धाकट्याच्या हाती दिलं.

"घे. वाट संपेल, पण गारवा संपणार नाही."

धाकटा माझ्या झाकणावर हात फिरवून हसला. "आज मावशी फारच थंड आहेत!" आणि पट्टा बांधला.

गाव मागे पडायच्या आत माझ्या पोटात कुप्या दगड झाल्या. मला कळत होतं. पण मला तोंड कुठलं? होतं ते झाकणानं बंद. आणि माझा गुण असा, की मी तो घातक गारवाही इमानानं धरून ठेवला. पहिले काही दिवस धाकट्याला खिशातली उघडलेली कुपी पुरली, आणि बर्फ काठोकाठ असल्यानं नवा भरायची गरज वाटली नाही, म्हणून त्यानं माझं झाकण काढलंच नाही. काढलं तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं आणि औषध पुन्हा वितळून नेहमीसारखं स्वच्छ दिसत होतं. दिसायला तसंच. मेलेलं.

तो ते टोचत राहिला. तहान वाढत गेली. बाटल्यांमागून बाटल्या पाणी प्यायला. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. त्यानं आणखी एक सुई घेतली, तिचाही उपयोग झाला नाही. शेवटी गाडी कडेला घेतली, डोकं स्टिअरिंगवर टेकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, आज काही खरं नाही." मागून आलेल्या ड्रायव्हरांनी त्याला दवाखान्यात पोचवलं. तिथून तो उठला नाही.

मला घरी आणलं ते एका परक्या ड्रायव्हरनं, मांडीवर धरून. घर माणसांनी भरलं होतं. आईनं रडणं थांबवलं, डाव्या हातानं माझं झाकण काढलं, तळाला उरलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट," ती म्हणाली.

एवढंच. थोरला दारात उभा होता. त्याला कळलं. दुसऱ्या कुणाला काही कळलं नाही.

त्यानंतर आई त्याच्याशी दुकानापुरतं बोलली. दूध आलं का, वीज गेली का, एवढंच. लाकडी पिंप मोडलं, विजेचं यंत्र आलं, मिठाचं पोतं दुकानातून गेलं. थोरला जेवताना वरून मीठ घ्यायचा, ते सुटलं. आणि त्यानं मला पोत्याखाली झाकलं, कपाटावर ठेवलं. अशी वर्षं गेली.

गेल्या वर्षी धाकट्याची लेक, जिला सगळे चिमणी म्हणतात, घागरीनं पाणी पिऊ लागली. घरात कुणाला दवाखान्यात जाऊन विचारायची गरज पडली नाही. गेले ते विचारायला नाही, औषध आणायला.

चिमणी पोहण्यात पटाईत. परवा तिच्या शाळेनं तिला स्पर्धेसाठी निवडलं. दूरचं शहर, बसचा लांबचा प्रवास. ती उड्या मारत घरात आली, तर थोरला म्हणाला, "नको. कुठं जायचं नाही. घरात फ्रिज आहे, घरातच राहायचं."

"काका, जन्मभर फ्रिजला धरून बसू का मी?" चिमणीनं विचारलं आणि रडायला लागली. तिच्या आईनं डोळे पुसले आणि स्टुलावर चढून माझ्याकडे हात केला.

"तू थांब," आजी झालेली आई खाटेवरून म्हणाली. तिचे हात आता थरथरतात, पण आवाज अजून खणखणीत आहे. "थोरल्या, तू उतरव तिला."

"आई, मला नाही जमणार. दुसरं काहीही सांग."

"सोपं काम सांगायला तू लहान आहेस का?"

त्यानं मान वर केली. इतक्या वर्षांनी आमची नजरानजर झाली. पोतं काढलं, मला खाली घेतलं, पुसलं. बर्फ पिशवीत बांधला आणि चिमणीच्या कुप्या हातात घेतल्या, तेव्हा डबी हातातून निसटून खाली पडली.

मित्रांनो, जड वस्तू उचलणं सोपं असतं. नाजूक वस्तू सांभाळायला विचारावं लागतं, आपल्याला येतं असं वाटत असलं तरीही. जास्त दिलं म्हणजे जास्त माया केली, असं समजू नका. कुणाचं औषध तुमच्या हाती आलं, तर आधी विचारा, मग भरा. माझं एवढं ऐका, माझ्या धाकट्यासाठी.

थोरल्यानं डबी उचलली. कापडाची घडी हातात घेऊन तो नुसताच उभा राहिला. आई खाटेवरून उठली, भिंत धरत त्याच्यापर्यंत आली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली,

"तुझ्या हातून माझा एक गेला. ते मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. पण हात बांधून बसलास तर ही दुसरीही घरात कोंडून मरेल, आणि ते मी माफ करणार नाही. घाल ती घडी. आणि तोंडानं म्हण, मला ऐकू येईल असं म्हण: गारवा लागावा, बर्फ लागू नये."