न उडालेला पाय

माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका, हे आधीच सांगून टाकते. मी रबरी डोक्याची, पोलादी दांड्याची हातोडी; गुडघ्याच्या वाटीखाली मारायची. फिजिओथेरपी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत राहते. माणसांना इतक्या जवळून पाहिलंय की मला त्यांची शिसारी बसली आहे.

कारखान्यातून आले तेव्हा अशी नव्हते. डोक्याला नव्या रबराचा वास होता, दांडा आरशासारखा लखलखत होता. वाटायचं, आपल्या हातून काहीतरी मोठं घडणार. घडलं काय? एकाने माझ्या दांड्याने पाठ खाजवली. दुसऱ्याने दांड्याचं निमुळतं टोक कानात फिरवलं, निघालेला मळ कौतुकाने न्याहाळला आणि टेबलाच्या कडेला पुसला. एकीला विचार करताना माझं रबर चावायची खोड. त्याआधी मी कुणाकुणाच्या घामट, केसाळ गुडघ्यांवर आपटले होते, ते तिला सांगणार कोण?

पण मळ धुतला की जातो. खरी किळस मला टकाटक सरांची आली.

हे आमचे शिक्षक. समोर काहीही आलं की ‘टकाटक!’ म्हणून मोकळे व्हायचे, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. शिकवायचे मात्र झकास. मला हवेत नाचवत म्हणायचे, “वाटीखालच्या दोरीवर टोला बसला की मांडीचा स्नायू ताणला जातो. तो ताण ओळखून एक मज्जातंतू निरोप घेऊन पाठीच्या कण्यात धावतो. तिथे निरोप थेट दुसऱ्याच्या हाती. तो उलट पावली मांडीकडे येतो आणि पाय उडतो. मेंदूला कळतं ते सगळं उरकल्यावर. घरातल्या कर्त्या पुरुषासारखं!”

वर्ग खो-खो हसायचा. मग सर खुर्चीत रेलायचे, चप्पल काढायचे आणि टाचेची सालं सोलत मोबाईल बघत बसायचे. मुलांनी एकमेकांच्या गुडघ्यावर मला मारून बघायचं. निम्मी मुलं मारायचीच नाहीत. ‘नॉर्मल लिही नि चल चहाला.’

त्या वर्गात लग्न झालेली एकच मुलगी होती. सगळे तिला वहिनीच म्हणत. तिची जोडीदार टिटवी. आवाज तसाच, आणि शंका कधी न संपणाऱ्या. एका दुपारी वहिनी टेबलाच्या कडेवर पाय सोडून बसली आणि टिटवीने मला नेमकं वाटीखाली मारलं. पाय हललाच नाही. ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला.

“अगं, ढिला सोड ना!”

“सोडलाय गं. कालपासून तळव्यांना मुंग्या येतायत. सकाळी जिन्यात एकदम गुडघ्यातून वाकले.”

टिटवीने तिला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावली. असं केलं की दबलेला झटकाही उठतो. पुन्हा मारलं. दुसऱ्या पायावर मारलं. टाचेमागे मारलं. काही नाही.

“सर, वहिनीचा पाय उडत नाही.”

सरांनी मान वर केली नाही. “तुला मारता येत नाही.”

“तिला मुंग्याही येतायत, सर.”

“काहींचे नसतातच उडत. नॉर्मल लिही. टकाटक!” आणि सोललेलं साल त्यांनी टिचकीने टेबलाखाली उडवलं.

“जाऊ दे गं,” वहिनी पुटपुटली. “मध्यंतरी जुलाब झाले होते, त्याचाच अशक्तपणा. सासूबाई वाट बघत असतील. घरी जाऊन पडते जरा.”

“आधी उभी राहून दाखव बरं.”

वहिनी टेबल धरून उभी राहिली आणि मटकन खाली बसली.

“प्रयोगशाळेत नाटकं नकोत!” सर खुर्चीतून म्हणाले. त्या क्षणी मला त्यांच्या सावलीचीही घाण वाटली.

टिटवीने मला एप्रनच्या खिशात कोंबलं, दोघांना हाका मारल्या आणि वहिनीला उचलून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाई ड्रॉवर उपसत होत्या. “आमची हातोडी कोणी पळवली देव जाणे!” टिटवीने मला पुढे केलं. गुडघे, टाचा, कोपरं, सगळीकडे मला मारून झालं. सगळं गप्प. मग बाई म्हणाल्या, “एका श्वासात आकडे म्हण बघू.” वहिनीला थोड्याच आकड्यांत धाप लागली. बाईंचा चेहरा उतरला.

तोवर वहिनीचा नवरा धावत आला होता. त्या त्याला म्हणाल्या, “जुलाबाच्या जंतूंशी लढायला उठलेली शरीराचीच फौज आता मज्जातंतूंच्या आवरणावर तुटून पडली आहे. आवरण गेलं की निरोप वाटेतच विरतो. हे पायांकडून वर चढतंय. श्वास बंद पडायच्या आत तिला इथे आणलं, हे नशीब.”

“आम्हाला वाटलं, नुसता थकवा आहे,” तो म्हणाला.

घरी जाऊन झोपली असती तर? पुढच्याच दिवशी तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं, हे मला प्रयोगशाळेत परत ठेवताना टिटवी सांगत होती. बरी व्हायला कित्येक महिने गेले. बसणं, चमचा धरणं, चालणं, सगळं पहिल्यापासून.

इकडे सर येईल त्या वर्गाला सांगू लागले, “मागे एका मुलीचा पाय उडेना. मी तिथल्या तिथे ओळखलं! गाडीत घातली, वाचवली!” हे सांगताना त्यांचा घामेजलेला तळवा माझ्याभोवती आवळायचा.

पुढच्या वर्षी वहिनी काठी टेकत परत आली आणि नव्या मुलांत बसली. वाळलेली, केस कापलेले. सरांनी तिला ओळखलं नाही. गोष्ट रंगात आली तशी ती उठली.

“सर, ती मुलगी मी. तुम्ही ‘नॉर्मल लिही’ म्हणाला होतात.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. सरांनी टाळी वाजवली. “टकाटक! बघा, ठणठणीत झालीसुद्धा!” आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. माणसं ही अशी.

वहिनी टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. मग पुढे आली, सरांच्या हातातून मला काढून घेतलं, स्पिरिटच्या बोळ्याने डोक्यापासून टोकापर्यंत पुसलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाली, “बस वर. खरंच मारून बघू.” सर चप्पल शोधत बाहेर गेले.

आता माझं रबर भेगाळलंय. लवकरच भंगारात जाईन, आणि तुमच्यातून सुटले म्हणून मला आनंदच होईल. माझ्या जागी येईल तिच्याशी काय हवं ते करा. फक्त पाय उडाला नाही, तर उडाला म्हणू नका.