चष्मेवाल्या मामांचा घसा

चष्म्याच्या दुकानात मामांइतका शांत माणूस शोधून सापडला नसता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की भिंतीवरच्या अक्षरांवर काडी ठेवून ते हळूच विचारायचे, "काय दिसतंय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभे राहायचे. कुणी ‘व’ला ‘ब’ म्हटलं तरी त्यांची भुवई हलत नसे. हाच माणूस संध्याकाळी मुलींना फुटबॉल शिकवायला मैदानात उतरला की मात्र अंगात वारं शिरल्यासारखा ओरडायचा. "मागे आहे! सोड, सोड! आता मोकळी आहेस, वळ!" शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे.

संघाचं दुखणं एकच होतं. पाठीला कुणी चिकटलं की मुलींना चेंडू घेता येत नसे. त्यात पहिला नंबर मामांच्या सख्ख्या भाचीचा. तिला सगळे मुंगी म्हणत. चेंडू येताना ती फक्त चेंडूकडे बघायची आणि कान मामांकडे लावायची. मागच्या सामन्यात समोरच्या संघातल्या एका धिप्पाड मुलीने हे बरोबर हेरलं. मुंगीच्या मागे उभी राहून तिने मामांसारख्या घोगऱ्या आवाजात फर्मावलं, "मोकळी आहेस, वळ!" मुंगी आज्ञाधारकपणे वळली ती थेट तिच्यावरच आदळली. चेंडू गेला, गोल झाला, मैदानभर हशा पिकला.

घरी आल्यावर मुंगीने जाहीर करून टाकलं. "रविवारी त्यांच्याशीच परत सामना आहे ना, तेवढा खेळते. मग माझे बूट धाकटीला देऊन टाका."

मामांनी ते बूट उचलून परत तिच्यापुढे ठेवले. पोरगी चालायला लागली तेव्हा तिच्या पायात पहिला चेंडू त्यांनीच सरकवला होता.

"लबाड आहे ती पोरगी," ते जेवताना म्हणाले.

"लबाड कसली? हुशार आहे," ताई वाढता वाढता म्हणाली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, मुंगीची आई. "तू बसलायस ना सगळं सांगायला, मग आमची कशाला मागे बघेल? काय रे, दुकानात गिऱ्हाईकाला अक्षरंही तूच वाचून दाखवतोस का?"

मामांचा घास हातातच राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दुसऱ्या दिवशी सरावाला ते मुंगीच्या मागे जाऊन उभे राहिले. "चेंडू तुझ्याकडे निघायच्या आत खांद्यावरून मागे बघायचं. मी किती बोटं दाखवतोय ते सांगायचं. मग चेंडू घ्यायचा."

"आणि चेंडूकडे कोण बघणार?"

"तो येतोच आहे. पळून कुठे जातोय?"

पहिले दोन-तीन दिवस नुसती करमणूक झाली. बोटं बरोबर आली की चेंडू पायाखालून जायचा. चेंडू अडला की मुंगी बिनदिक्कत "चार!" म्हणायची, तेव्हा मामांचे दोन्ही हात खिशात असायचे. मग हळूहळू जमू लागलं. मामा बोटं सोडून खांद्याने रेटायला लागले. "अंग तिरकं ठेव. हात लावून मी कुठे आहे ते बघ. आता माझ्यापासून लांबच्या पायाने घे, आणि मी नाही तिकडे ने." मुंगी नेऊ लागली. एकदा तर तिने मामांनाच मातीत बसवलं आणि वर विचारलं, "लागलं का रे मामा?"

रविवारी ताईने मामांच्या तोंडात खोकल्याच्या गोळ्या कोंबल्या. "या संपेपर्यंत गप्प."

ती धिप्पाड मुलगी तयारच होती. "मोकळी आहेस, वळ!" मुंगीने मागे बघितलं, तिच्याकडे बघून गोड हसली आणि चेंडू आल्या वाटेने परत पाठवला. मामांनी गोळी कडाकडा चावली.

सामना संपत आला, दोघांचे गोल सारखे, आणि मुंगीकडे परत चेंडू निघाला. ती मुलगी मागून सुसाट येताना मामांना दिसली. जित्याची खोड! गोळ्या थुंकून ते गरजले, "मागे आहे! सोड, सोड!"

मुंगीने सोडला नाही. लांबच्या पायाने चेंडू घेतला, उजवीकडे वळली आणि थेट पुढे धावणाऱ्या मैत्रिणीला दिला. धिप्पाड मुलगी डावीकडून नुसतीच वाऱ्यासारखी निघून गेली. मैत्रिणीचा फटका गोलच्या खांबाला लागला. सामना बरोबरीत सुटला.

"मामा," मुंगी धापा टाकत आली, "ती डावीकडून येत होती. उजवीकडे कुणीच नव्हतं. ओरडायच्या आधी नीट बघत जा ना!"

मामांना अभिमान वाटला. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. आता या पोरीला त्यांच्या घशाची गरज उरली नव्हती.

गाडीपाशी ताईने विचारलं, "मग? बूट धाकटीला देऊ ना?"

"तिला नवे घे," मुंगी बूट छातीशी धरून मागे बसली. "हे माझे आहेत."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत काढला. ताई अगदी त्यांच्याच दुकानातल्या आवाजात हळूच म्हणाली, "काय दिसतंय?"

मामांनी किल्ली तिच्या हातात दिली. "काही दिसत नाहीये. गाडी तूच चालव."